कराटे की तायक्वांदो? क्लास लावण्याआधी दोन्हींची तुलना कशी करायची

शनिवारी सकाळी आमच्या घराजवळच्या शाळेच्या मैदानावर दोन क्लास शेजारी शेजारी भरतात. एका रांगेतून 'इच, नी, सान, शी' असे जपानी आकडे ऐकू येतात, ते कराटेवाले, आणि दुसरीतून 'हाना, दुल, सेत, नेत' असे कोरियन, ते तायक्वांदोवाले. पायऱ्यांवर बसलेल्या पालकांसाठी दोन्ही 'कराटे'च. "आमचा धाकटापण कराटेलाच येतो," असं कौतुकाने सांगणाऱ्या आईचा धाकटा बऱ्याचदा तायक्वांदोच्या रांगेत उभा असतो.

मी अकरा वर्षं शोतोकान या घराण्याचं कराटे केलं आणि त्यानंतर सहा वर्षं तायक्वांदो. पूर्वी असं कुणी बोललं की मी लगेच दुरुस्त करायला जायचे. आता जात नाही, कारण त्या दोन रांगांतल्या पांढऱ्या बेल्टवाल्यांकडे पाहिलं की दोन्हीकडे तेच चाललेलं असतं: डावीकडे वळा, हात खाली झाडा, एक पाऊल पुढे, ठोसा. आणि तरीही दोन वर्षांनी हीच मुलं इतकी वेगळी हलायला लागतात की साध्या टी-शर्टमध्येही कोण कुठल्या रांगेतलं ते कळतं.

हा फरक येतो कुठून? परीक्षेत आणि सामन्यात ज्याला गुण मिळतात त्याचाच सराव होतो, आणि ज्याचा सराव होतो तेच अंगात मुरतं. म्हणून 'दोन्हींत भारी कोणतं' हे विचारत बसण्यापेक्षा नवख्या माणसाने बघायला शिकावं. काय बघायचं, कसं बघायचं, ते क्रमाने सांगते.

पायरी १ : आधी घराणं समजून घ्या

कराटे मूळचं ओकिनावा बेटावरचं. तिथे र्यूक्यूचं राज्य होतं, चीनशी जुने संबंध होते, आणि चिनी मुष्टियुद्धाचे संस्कार तिथल्या स्थानिक विद्येवर झाले होते. १८७९ मध्ये जपानने ते राज्य खालसा केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आंको यांनी ही विद्या ओकिनावाच्या शाळांत नेली आणि मुलांना झेपतील असे पाच काता बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका. त्या पाच कातांचं नाव पिनान. पुढे १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन प्रात्यक्षिकासाठी तोक्योला गेले आणि तिथेच राहून शिकवू लागले. विद्यापीठांतून कराटेचे क्लब उभे राहिले.

आता कोरियाकडे या. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शिक्षणासाठी जपानला गेलेल्या कोरियन तरुणांपैकी काही जण याच क्लबांत कराटे शिकले. ली वोन-कुक हे त्यांतले एक. त्यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये चुंग डो क्वान सुरू केलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे अशी बरीच 'क्वान' निघाली. क्वान म्हणजे घर किंवा शाळा, आपल्याकडच्या तालमीसारखी. शिकवणाऱ्यांपैकी काही जण शोतोकान शिकलेले होते, काहींना चिनी पद्धतीही येत होत्या.

नावांची गंमत इथेच आहे. 'कराटे' हा शब्द आधी 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षरांनी लिहायचे, १९३० च्या दशकात तो 'रिकामा हात' या अर्थाच्या अक्षरांनी लिहिणं रूढ झालं. पहिली अक्षरं कोरियन उच्चाराने वाचली की होतं 'तांग सू', दुसरी वाचली की 'कोंग सू'. म्हणजे तांग सू डो (डो म्हणजे मार्ग) हे नाव अक्षरशः कराटे-डोच आहे, फक्त उच्चार कोरियन. जपानी राजवटीच्या आठवणी ताज्या असताना कोरियाला हे नाव खुपणारच. १९५५ मध्ये जनरल चोई होंग-ही यांनी 'तायक्वांदो' हे नाव पुढे आणलं आणि पुढच्या दहा वर्षांत तेच टिकलं. या नावात पायही आला, मूठही आली.

मग तायक्वांदोतही दोन वाटा झाल्या. चोई यांनी १९६६ मध्ये आयटीएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला गेले. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्कीवोन हे मुख्यालय उभं राहिलं, आणि १९७३ मध्ये जागतिक तायक्वांदो संघटना, म्हणजे डब्ल्यूटी, स्थापन झाली. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते डब्ल्यूटीचं. सोल १९८८ आणि बार्सिलोना १९९२ मध्ये ते प्रदर्शनापुरतं होतं, सिडनी २००० पासून पदकांचा खेळ झालं. कराटेला ऑलिम्पिक एकदाच मिळालं, २०२१ मध्ये भरलेल्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये.

तायक्वांदो दोन हजार वर्षं जुनं आहे असं अनेक क्लासमध्ये सांगतात. कोरियात लाथांच्या खेळाची तेक्क्योन ही जुनी परंपरा खरोखर आहे, आणि उंच लाथांचं कोरियन वेड त्या मातीतलं असू शकेल. पण आज क्लासमध्ये शिकवतात त्या तायक्वांदोचे पवित्रे, ब्लॉक (वार अडवण्याच्या हालचाली) आणि सुरुवातीच्या कवायती थेट त्या क्वानांतून आल्या आहेत आणि क्वानांत त्या कराटेतून आल्या. यात तायक्वांदोचं काही कमी होत नाही. घेतलेल्या गोष्टीपासून कोरियन लोकांनी पन्नास वर्षांत जे पायाचं कौशल्य उभं केलं ते सर्वस्वी त्यांचं आहे.

पायरी २ : ड्रेसवरून ओळखा

हे काम एका मिनिटाचं. कराटेचा कोट समोरून उघडा असतो, एकावर एक पदर घेऊन बांधतात. डब्ल्यूटी तायक्वांदोचा ड्रेस डोक्यातून घालायचा, गळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि ब्लॅक बेल्ट झाल्यावर गळ्याची पट्टी काळी. आयटीएफचा ड्रेस समोरून उघडतो आणि पाठीवर झाडाच्या आकारात अक्षरं लिहिलेली असतात. तांग सू डो हे जुनं नाव अजून लावणाऱ्या क्लासांचा कोट कराटेसारखाच, पण कडेला रंगीत पट्टी, आणि मू डुक क्वान या क्वानाच्या परंपरेत काळ्याऐवजी गडद निळा बेल्ट.

बेल्टच्या रंगांवरून मात्र काही ठरवू नका. पांढऱ्याने सुरुवात आणि काळ्यावर (मू डुक क्वानात गडद निळ्यावर) पोचणं एवढंच सगळीकडे सारखं. मधले रंग क्लासगणिक बदलतात.

पायरी ३ : गच्चीवर खडूने अधिक चिन्ह काढा

ही पायरी वाचून सोडू नका, करून बघा. गच्चीवर किंवा अंगणात खडूने मोठं अधिक चिन्ह काढा आणि मधोमध उभे राहा. आता हे करा: डावीकडे काटकोनात वळा, डावा पाय पुढे. डावी मूठ उजव्या कानाजवळून खाली आणत डाव्या मांडीच्या वर थांबवा, उजवी मूठ कमरेशी. हा खालचा ब्लॉक. मग उजवा पाय पुढे टाकून उजव्या हाताने छातीच्या उंचीवर ठोसा. मग उजवीकडून मागे पूर्ण वळा आणि उजव्या हाताने पुन्हा खालचा ब्लॉक.

एवढ्या तीन हालचालींत तुम्ही शोतोकानच्या हेइआन शोदानची, आयटीएफच्या चोन-जीची आणि डब्ल्यूटीच्या तेगुक इल जांगची, या तिन्ही पहिल्या मालिकांची सुरुवात केलीत. हेइआन म्हणजे फुनाकोशींनी पिनानला दिलेलं नवं नाव. चौथ्या हालचालीला शोतोकान वेगळा होतो: पुढचा पाय जरा मागे घेऊन हात सोडवल्यासारखा ओढायचा आणि मूठ हातोड्यासारखी वरून आणायची. बाकी दोघे सरळ पाऊल टाकून ठोसा मारतात.

आता त्याच तीन हालचाली तीन प्रकारे करा.

शोतोकानसारख्या: पवित्रा लांब घ्या, पुढचा गुडघा पावलाच्या वर येईपर्यंत वाका, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला चिकटलेली. पाऊल टाकताना डोकं वरखाली होता कामा नये. ब्लॉकच्या वेळी कंबर तिरकी, ठोशाच्या वेळी कंबर समोर वळून बंद. सगळी ताकद त्या वळण्यातून येते. दहा वेळा केलंत की मांड्या भरून येतील.

डब्ल्यूटी तेगुकसारख्या: चालता चालता थांबल्यासारखा आखूड पवित्रा. पुढच्या पायाच्या बोटांपासून मागच्या टाचेपर्यंत आपलंच पाऊल तीनदा बसेल एवढंच अंतर. गुडघे जवळजवळ सरळ, अंग उभं. शोतोकानहून आलेल्या माणसाला हे आळशीपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. मग पुढे याच काताच्या कोरियन भावंडात, म्हणजे पूमसेत, समोरची लाथ येते आणि कळतं की आखूड पवित्र्यातून पाय किती झटकन सुटतो.

आयटीएफसारख्या: पवित्रा मध्यम लांबीचा. पाऊल टाकताना गुडघा सैल सोडून अंग किंचित खाली, मग वर, आणि फटका बसताना पुन्हा खाली. लाटेसारखी ही हालचाल म्हणजे आयटीएफची खूण. शोतोकानमध्ये डोकं वर आलं तर ओरडा बसतो, इथे नाही आलं तर बसतो.

हे तिन्ही प्रकार आपल्या अंगाने करून पाहिले की पुढे कुठल्याही क्लासबाहेर उभं राहून दोन मिनिटांत अंदाज येतो. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकल्यावर कान जसा तयार होतो तसाच डोळा तयार होतो.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे शितो-र्यू आणि वाडो-र्यू या कराटेच्या दुसऱ्या घराण्यांतला पिनान निदान. फुनाकोशींनी नाव बदलताना पहिल्या दोन कातांचा क्रमही बदलला. तांग सू डोमध्ये त्याच काताला प्योंग आन चो दान म्हणतात. क्लास बदलल्यावर 'हा दुसरा काता मी आधी पहिला म्हणून शिकले होते' असा गोंधळ उडतो, त्याचं कारण हे.

पायरी ४ : गोल लाथ बघा, सगळं कळेल

एकच तंत्र बघायला वेळ असेल तर गोल लाथ बघा. कराटेत मावाशी गेरी, तायक्वांदोत डोल्यो चागी.

भिंतीला एक हात टेकून उभे राहा. कराटेची जुनी पद्धत अशी: मारणारा गुडघा बाजूने उचलायचा, मांडी आणि नडगी जमिनीला समांतर, कुत्र्याने खांबाशी पाय वर करावा तसा. तिथून पाय आडवा फिरवत आणायचा आणि बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं. लागताक्षणी पाय परत ओढायचा.

तायक्वांदोत गुडघा सरळ समोर उचलतात, समोरची लाथ मारायची असल्यासारखा. शेवटच्या क्षणी उभा पाय चवड्यावर फिरतो, टाच समोरच्याकडे येते, कंबर उलटते आणि पाऊल वरच्या बाजूने, म्हणजे बूट बांधतो त्या भागाने, जाऊन बसतं. समोरच्याला लाथ सरळ येणार, गोल येणार की डोक्यावर येणार हे अखेरपर्यंत कळत नाही.

माझी सगळ्यांत मोठी अडचण इथेच झाली. तायक्वांदोच्या पहिल्या महिन्यात माझी लाथ छातीच्या वर जाईना. मी समजत होते, अंग आखडलंय. रोज पाय ताणत बसायचे. एकदा सरांनी माझ्या उभ्या पायाच्या टाचेमागे एक चप्पल ठेवली आणि म्हणाले, "लाथ मारताना टाच पुढे फिरली पाहिजे आणि चप्पल जिथल्या तिथे राहिली पाहिजे." माझी टाच फिरतच नव्हती, मी अर्ध्यावर अडवून धरत होते. शोतोकानमध्ये मागची टाच जमिनीला चिकटवायची अकरा वर्षांची सवय होती ती. टाच सोडली आणि त्याच संध्याकाळी पाय खांद्याच्या उंचीला गेला. खुब्याचं हाड मोकळं झाल्याशिवाय पाय वर जात नाही, आणि उभा पाय फिरल्याशिवाय खुबा मोकळा होत नाही. नवख्यांनी पाय ताणण्याआधी हे तपासावं.

आता सामन्यांत उतरणारे कराटेवालेही गुडघा समोरूनच उचलतात. दोन्ही बाजू एकमेकांचं पाहून शिकत आल्या आहेत. पण काता आणि परीक्षेत जुना फरक अजून दिसतो.

पायरी ५ : गुण कशाला मिळतात ते विचारा

हा प्रश्न सरांना नक्की विचारा: "सामन्यात कशाला किती गुण?" उत्तरातून तुमच्या पुढच्या तीन वर्षांचा सराव कळेल.

कराटेच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूकेएफच्या नियमांत ठोशाला १ गुण, अंगावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. चेहऱ्याकडे ठोसा मारता येतो, पण तो ताब्यात हवा. जोरात लागला तर दंड. म्हणून हे खेळाडू लांबून विजेसारखे आत येतात, ठोसा टेकवतात आणि हात मागे ओढून बाहेर पडतात. त्यांची खरी करामत अंतर आणि वेळ साधण्यात असते.

डब्ल्यूटी तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा चालतच नाही, कमरेखाली लाथ चालत नाही. छातीच्या संरक्षकावर ठोशाला १, लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३, आणि फिरून मारलं तर जास्त. अंगावर होगू नावाचं जाकीट असतं, त्यात आणि पायमोज्यांत सेन्सर असतात, दाब पुरेसा पडला की गुण आपोआप लागतो. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि २०२२ पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. या नियमांचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसतो: हात खाली, अंग पूर्ण आडवं, आणि पुढचा पाय हवेत तरंगता ठेवून त्यानेच अडवणं, ढकलणं, मारणं. कुणी म्हणतं, यांना हात वर ठेवायची अक्कल नाही. अक्कल आहे. चेहऱ्यावर ठोसा येणारच नसेल तर हात वर ठेवून दमायचं कशाला?

आयटीएफमध्ये हातमोजे घालून चेहऱ्यावर ठोसे चालतात, त्यामुळे तिथले हात पुष्कळ जागे असतात. हातपाय दोन्ही सारखे वापरायचे असतील पण कराटेपेक्षा उंच लाथा हव्या असतील, तर आयटीएफचा क्लास जवळपास आहे का बघा.

आणि क्योकुशिन. हे कराटे असूनही वरच्या कुणाशी जुळत नाही. ओयामा मासुतात्सु यांनी उभं केलेलं हे घराणं, आणि ओयामा जन्माने कोरियन! इथे हातमोजे न घालता छातीपोटावर पूर्ण ताकदीने ठोसे, मांड्यांवर नडगीने लाथा, डोक्यावर लाथ चालते, पण चेहऱ्यावर ठोसा नाही. क्योकुशिनवाले एकमेकांच्या अगदी जवळ उभे राहून मारतात, सोसतात. मांड्यांवर काळेनिळे डाग ठरलेले.

पायरी ६ : कराटे म्हटलं तरी चार तऱ्हा

शोतोकानबद्दल वर आलंच: लांब पवित्रे, सरळ रेषा, कमरेचा जोर. हे घराणं आपल्याकडे सहज सापडतं आणि सुरुवातीला समजायलाही सोपं, कारण सगळं मोठं आणि ठसठशीत असतं.

गोजू-र्यू मियागी चोजुन यांचं. 'गो' म्हणजे कठीण, 'जू' म्हणजे मऊ. आखूड पवित्रे, गोलाकार हात, जवळची मारामारी, खोल ऐकू येणारा श्वास. त्यांच्या सान्चिन कातात विद्यार्थी गुडघे आत वळवून, पोट-मांड्या आवळून हळूहळू पुढे सरकतो आणि शिक्षक त्याच्या खांद्यांवर, पाठीवर थापा मारून आवळलेपण तपासतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. त्यांच्या व्यायामात दांड्याच्या टोकाला दगडी वजन बसवलेलं साधन असतं, त्याला चि-इशी म्हणतात. ते फिरवताना पाहिलं तेव्हा मला तालमीतले मुद्गल आठवले. मनगट आणि खांदा त्याच तऱ्हेने तयार होतो. ज्यांचा बांधा बुटका, भक्कम आहे किंवा उंच लाथांत ज्यांना रस नाही, त्यांनी गोजू आवर्जून बघावं.

शितो-र्यू माबुनी केन्वा यांचं, ओकिनावाच्या शुरी आणि नाहा या दोन गावांतल्या धारा एकत्र घेणारं. काता पन्नासहून अधिक. ज्यांना काताच करायचा आहे त्यांना हा खजिनाच आहे. वाडो-र्यू ओत्सुका हिरोनोरी यांचं. ते आधी जुजुत्सु शिकलेले, त्यामुळे इथे वार अडवण्यापेक्षा अंग बाजूला काढून तो जाऊ देणं जास्त.

कोरियन बाजूला हापकिडो हे नावही कानावर येईल. त्यात लाथा असल्या तरी मुख्य भर सांधे पिरगळण्यावर आणि पाडण्यावर, म्हणून या तुलनेत मी ते धरलेलं नाही.

पायरी ७ : क्लास बघायला जा, पैसे न भरता

दोन क्लास, प्रत्येकी दोन वेळा. पालकांना बसून बघू देत नसतील तर तिथेच परत फिरा, मुलीसाठी क्लास बघत असाल तर हे दुप्पट लागू. बघताना या गोष्टी टिपा.

जमीन कशी आहे? तायक्वांदोत उभा पाय सतत फिरतो. पेव्हर ब्लॉकवर किंवा खरखरीत काँक्रीटवर अनवाणी फिरवला तर चवड्याची साल निघते, आणि पाय अडकला तर गुडघा पिरगळतो. मॅट नसेल तर निदान गुळगुळीत फरशी हवी. कराटेचा मूलभूत सराव मैदानावर चालून जातो, पण तिथेही लांब पवित्र्यात गुडघा आत पडतोय का, याकडे शिक्षकाचं लक्ष हवं. गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेला. ही एक गोष्ट जे सर प्रत्येक मुलापाशी जाऊन दुरुस्त करतात, त्यांच्याकडे डोळे मिटून नाव घाला.

सर चुकीचं कसं दुरुस्त करतात? नुसतं ओरडून, की हात धरून? मोठी मुलं लहानांशी जोडीत खेळताना जोर आवरतात का? हे दिसलं की क्लासचं वळण कळतं.

मग विचारायचं: कुठल्या शैलीचं, कुठल्या संघटनेचं, ब्लॅक बेल्टला साधारण किती वर्षं, प्रत्येक बेल्ट परीक्षेची फी किती. 'किती वर्षं'चं उत्तर एक किंवा दीड आलं तर सावध व्हा. नियमित सरावाने तीन-चार वर्षं तरी लागतातच. डब्ल्यूटी तायक्वांदोत ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र कुक्कीवोनचं असलं पाहिजे, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना 'दान' या ब्लॅक बेल्टच्या दर्जाऐवजी 'पूम' मिळतो. त्यांचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. कराटेत असं एकच मुख्यालय नाही, प्रत्येक घराण्याच्या अनेक संघटना आहेत. म्हणून तिथे कागदापेक्षा शिकवणं पाहून ठरवा.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांच्या आशेने मुलाला घालत असाल तर आधीच स्पष्ट करून घ्या: त्यासाठी मान्य स्पर्धांमधली कामगिरी लागते. बेल्टची प्रमाणपत्रं कितीही असली तरी ती तिथे चालत नाहीत.

वयाबद्दल माझं मत: लहान मुलांसाठी दोन्ही सारखेच चांगले, तिथे शैलीपेक्षा शिक्षक मोठा. किशोरवयात स्पर्धा करायची असेल आणि पाय लांब असतील तर तायक्वांदो. चाळिशीनंतर सुरुवात करत असाल, गुडघे किंवा कंबर कुरकुरत असेल, तर गोजू, वाडो किंवा शांतपणे पूमसे शिकवणारा तायक्वांदो क्लास. त्या वयात फिरत्या लाथांच्या मागे लागू नका. मांडीची मागची शीर एकदा ताणली गेली की भरून यायला फार वेळ घेते.

पायरी ८ : पहिला महिना

दोन भाषांतले थोडे शब्द पाठ करा, म्हणजे पहिल्या दिवशी बावरायला होणार नाही. सरावाची जागा जपानीत डोजो, कोरियनमध्ये डोजांग. शिक्षक सेन्सेई किंवा सबमनिम, आपल्याकडे अर्थात 'सर' आणि 'मॅडम'. ओरडण्याला कियाई किंवा किहाप. सुरू म्हणजे हाजिमे किंवा शिजाक, थांबा म्हणजे यामे किंवा कुमान. ड्रेस लगेच विकत घेऊ नका, पहिला महिना ट्रॅक पँटवर काढा. पण पायाची आणि हाताची नखं क्लासला निघण्याआधी कापा. जोडीदाराच्या नडगीवर ओरखडा उठला की त्याला ते आठवडाभर पुरतं.

घरी रोज दहा मिनिटं पुरेत. गच्चीवरच्या त्या अधिक चिन्हावर सरांनी शिकवलेली पहिली ओळ दहा वेळा, अगदी सावकाश. मग भिंत धरून प्रत्येक पायाने दहा लाथा, उंची कमरेपर्यंतच, पण उभा पाय फिरतोय याची खात्री करत. उंची आपोआप येते.

पायरी ९ : एकातून दुसऱ्यात जाताना

कराटेतून तायक्वांदोत आलात तर तीन सवयी आडव्या येतील. मागची टाच चिकटवण्याची, ती मी वर सांगितली. दुसरी, प्रत्येक ठोशाला दुसरा हात कमरेशी ओढण्याची. पूमसेत ती चालते, सामन्यात त्याच बाजूला बरगड्यांवर लाथ बसते. तिसरी अंतराची: तुम्ही ठोशाच्या अंतरावर सुरक्षित समजून थांबाल आणि तेवढ्यात समोरचा पाय डोक्याला लागेल. अर्धं पाऊल मागे उभं राहायला शिका.

तायक्वांदोतून कराटेत आलात तर हात वर ठेवायला शिका, आधी तेवढंच. लाथ मारून झाल्यावर पाय मुक्कामाला पोचेपर्यंत हात खाली लोंबत राहतात, आणि कराटेवाला नेमका त्या क्षणाची वाट बघत असतो. लांब पवित्र्याने पहिले दोन आठवडे जिना उतरताना मांड्या थरथरतील, ते साहजिक आहे.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी पाळा. पहिल्या दिवशी जुना बेल्ट घरी ठेवा आणि पांढरा बांधून रांगेच्या शेवटी उभे राहा. सरांनी विचारलं तर आधी काय केलंय ते सांगा. नाही विचारलं तरी डावीकडे वळून खालचा ब्लॉक घेतलात की त्यांना कळेलच.